शहाबादी फरशीचे सात छाप

फाटकावरच्या फलकात स्वतःचं नाव शोधता शोधता दीपमालाला सरांचं नाव सापडलं, आणि हातातली पाण्याची बाटली तशीच उघडी राहिली. तोवर सगळं कसं सुरळीत चाललं होतं. बिदरहून पहाटेची बस वेळेवर मिळाली, गोधडीत गुंडाळलेली फरशी सीटखाली नीट बसली, हुमनाबादला उतरून चहासुद्धा झाला. कंडक्टरनं आत काय आहे म्हणून विचारलं तेव्हा ती फरशी म्हणाली, आणि कलबुर्गीला फरशी घेऊन जाणारी बाई त्यानं जन्मात पाहिली नसावी, कारण तो पुढं दोन थांब्यांपर्यंत मागं वळून बघत होता. कलबुर्गीशेजारच्या शहाबादची फरशी बिदरला जाते, उलटी कधी येत नाही. तिलाही हसू आलं होतं. आता फलकावर कन्नडमधून छापचित्रकारांच्या संमेलनाचा दुसरा दिवस होता, सकाळी अकराला शहाबादी फरशीवरच्या शिळाछापाचं प्रात्यक्षिक होतं, त्यापुढं तिचं नाव होतं, आणि त्याच्या बरोबर खाली अध्यक्ष म्हणून रामाचार्य होते. सर येणार हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते घराबाहेर पडत नाहीत असं ती ऐकून होती, आणि खरं सांगायचं तर त्याच भरवशावर तिनं या बोलावण्याला होकार दिला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगीच नाही. तिनं बाटलीचं झाकण लावलं आणि फाटकाबाहेरच, रिक्षावाल्यांच्या गर्दीत, नवऱ्याला फोन लावला. बालाजी दुकानात बियाण्यांच्या पिशव्या उतरवून घेत होता. सर आलेत म्हटल्यावर तो म्हणाला, मग बरंच की. तिला वाटायलंय की परत यावं, असं तिनं सांगितलं तेव्हा मात्र त्यानं पिशव्या बाजूला ठेवल्या असाव्यात, कारण मागचा आवाज थांबला. “कामून भ्यायलीस? दगडच हाय, वाघ न्हाई,” तो म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. हे तिनं त्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

सांगायचं होतं ते एवढंच, की अकरा वर्षांपूर्वी जे सात छाप तिच्या नावावर जमा झाले, ते तिचे होते का याची तिची तिलाच खात्री नव्हती. शिळाछापाचं काम तसं ऐकायला सोपं. दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, वरून आम्ल घातलेलं डिंकाचं पाणी फिरवायचं, मग दगड ओला ठेवून शाईचा रोलर चालवायचा. जिथं तेल आहे तिथं शाई धरते, जिथं पाणी आहे तिथून सटकते, आणि वर कागद ठेवून दाबला की चित्र उतरतं. तेल आणि पाण्याचं जन्माचं वैर, त्यावर सगळी कला उभी. पण त्याला लागणारा दगड जर्मनीहून यायचा, शंभर वर्षांपूर्वी आलेले तसले तीन दगड सरांच्या छापखान्यात होते, आणि सर त्यांना घरच्या देवासारखं जपायचे. दीपमाला तेव्हा पस्तिशीची, हायस्कुलात चित्रकला शिकवणारी, संध्याकाळी सरांच्या कॉलेजात येऊन हा दुसरा अभ्यास करणारी. तिच्याच मनात आलं की आपल्या पायाखालची शहाबादी फरशीही चुनखडीचाच दगड आहे, मग तिच्यावर का उतरू नये. सर हसले नाहीत. करून बघ, एवढंच म्हणाले. माहेरी मंठाळला भावानं, व्यंकटनं, घर बांधलं तेव्हाची उरलेली एक फरशी गोठ्यामागं उन्हापावसात पडून होती. ती तिनं टमटममध्ये घालून आणली, चार दिवस घासली, आणि तिच्यावर आईचे हात काढले. गीताबाई सुपात तूर पाखडताना जसे धरायची तसे, एक वर, एक खाली, बोटं जराशी पसरलेली.

पहिला छाप फिकट आला. दुसराही. हात दिसत होते पण हिवाळ्यातल्या धुक्यात दिसावेत तसे. सरांनी ते पाहिले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. त्याच संध्याकाळी मंठाळहून फोन आला, वडिलांना, आप्पांना, ताप भरलाय म्हणून. तिनं दगडावर डिंक लावला, वर कागद घातला, आणि गेली. चार दिवसांनी आप्पारावांचा ताप उतरल्यावर परतली. दिवाळीची सुट्टी, कॉलेज रिकामं, छापखान्याची किल्ली फक्त दोघांकडं, एक तिच्याकडं आणि एक सरांकडं. तिनं कागद उचलला तर खालचा डिंक ताजा होता. तिनं लावला होता तो नव्हेच, कुणीतरी धुऊन नव्यानं लावलेला. तिनं फार विचार केला नाही, स्पंज भिजवला, रोलर चालवला, कागद घातला, आणि दाब देऊन कागद उचलला. आईचे हात. नखांच्या कडा, शिरा, आणि उजव्या अंगठ्याखालची ती सावली, इतकी दाट आणि इतकी मऊ की तिथं बोट ठेवलं तर बुडेल. तिनं एकापाठोपाठ एक सात काढले, सातही तसेच. मग रीतीप्रमाणं दगड घासून चित्र पुसून टाकलं, कारण संच पुरा झाला की चित्र दगडावर ठेवायचं नसतं, कुणी मागाहून आठवा छाप काढू नये म्हणून. पुसून झाल्यावर छाप दोरीला लावून ती समोर बसली, आणि तेव्हा पहिल्यांदा तिच्या मनात ते आलं. ही सावली आपण काढली होती का? आठवेना. खरोखरच आठवेना. बोटं काढताना आईच्या हाताला येणारा तुरीचा वास आठवत होता, खिडकीतलं ऊन आठवत होतं, सावली आठवत नव्हती. आणि दगड तर आता कोरा झाला होता.

त्या दिवसापासून जे लागलं ते लागलंच. छापांना बंगळूरला बक्षीस मिळालं, वर्तमानपत्रात फोटो आला, बिदरच्या बाईनं फरशीवर चित्र छापलं म्हणून लोक भेटायला आले. सर सभेत तिच्या शेजारी बसले आणि तिच्या कानात हळूच म्हणाले, छाप छान आलेत, पण दगडाबद्दल जास्त बोलत जाऊ नकोस. म्हणजे झालं तर. आपण आप्पांच्या उशाशी बसलो होतो तेव्हा म्हाताऱ्यानं एकट्यानं खडू घेऊन फिक्या जागा भरल्या, सावली घातली, नवा डिंक लावला, आणि तोंडातून शब्द काढला नाही. दया आली असणार. पुढं एकदा त्यांच्या घरी गेली असताना सरांच्या पत्नी मालतीबाई तिच्या हातावर सांडगे ठेवत म्हणाल्या होत्या, “यांच्या मनात तुझ्याबद्दल काही नाही हो, तू येत जा.” काही नाही म्हणजे काय? बक्षीस तुझं, आम्ही हक्क सांगणार नाही, हेच ना? ती सांडगे घेऊन घरी आली आणि त्या दिवसापासून त्यांच्याकडं जाणं कमी कमी करत गेली. दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला जायची, पायाला हात लावायची आणि उंबऱ्यातूनच परतायची. मनात मात्र उपकाराचं ओझं असं, की रस्त्यात सरांसारखी पाठ दिसली तरी ती गल्ली बदलायची. एवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण आपल्याला येतं की नाही हे एकदा स्वतःपुरतं तरी बघावं म्हणून तिनं पुन्हा फरशी घेतली. नौबादच्या दुकानातून चांगली, गुळगुळीत, निवडून. काळीठिक्कर पडली. दुसरी घेतली, तीही. एकेक करत अकरा वर्षांत नऊ फरश्या झाल्या, नऊही वेळा रोलर फिरवला की शाई हवी तिथं आणि नको तिथं सगळीकडं धरायची, आईचे हात चिखलात बुडाल्यासारखे दिसेनासे व्हायचे. त्या नऊ फरश्या आता तिच्या घराच्या मागच्या दारी अंगणात बसवल्या होत्या आणि बालाजी त्यांच्यावर बसून दाढी करायचा. लांबून कुठून कुठून मुलं पत्रं लिहून विचारायची, मॅडम, आमची फरशी काळी पडते, काय करावं? सराव करा, असं ती उत्तर द्यायची. लाज वाटायची, पण द्यायची.

आणि आज ही दहावी. चारचौघांत दाखवायची म्हणून तिनं दुकानातली सगळ्यात चकचकीत निवडली होती, दोन दिवस घासली होती, आणि पुन्हा तेच हात काढले होते. या खेपेला अंगठ्याखालची सावली घालताना तिनं स्वतःकडं लक्ष ठेवलं होतं. फाटकापाशी उभं राहून काही होणार नव्हतं. संमेलनाची व्यवस्था बघणारी हर्षिता, कॉलेजात नुकतीच लागलेली, मॅडम मॅडम करत धावत आली आणि गोधडी उचलायला गेली तर तिला ती हलेना. तिकडं व्हरांड्यात नवी फरशी बसवण्याचं काम चाललं होतं, तिथून तिनं मिस्त्रीला हाक मारली. बसवंतप्पा नावाचा तो पन्नाशीचा माणूस आला, गोधडी बाजूला करून फरशी त्यानं एका अंगाला उभी केली, चित्राबाहेरच्या कोऱ्या कडेवर तळहात फिरवला, आणि ती बगलेत मारून चालू लागला. प्रात्यक्षिकाच्या वेळी कटर बंद ठेवायला सांगितलं होतं त्याला, तेव्हा तोही मागं येऊन उभा राहिला.

सर पहिल्या रांगेत होते. पाय समोर सरळ सोडलेला, काठी मांडीवर, पूर्वीपेक्षा निम्मे झालेले. तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि तिला नको त्या वेळी रडू आलं. साठ-सत्तर माणसं होती, हैदराबादची, धारवाडची, दोघंतिघं बडोद्याची, तरुण पोरं फोन वर धरून उभी. तिनं कन्नडमधून सुरुवात केली. खडू दाखवला, डिंक दाखवला, आणि हात कामाला लागले तसं तोंडही सुटलं. हाताला काम मिळालं की माणूस आपली भीती जरा विसरतो, तिचं पोळ्या लाटतानाही असंच होतं. डिंक सुकेतो तिनं गोठ्यामागच्या फरशीची गोष्ट सांगितली, लोक हसले, सरही हसले. मग तिनं टर्पेंटाइननं खडूचा रंग धुतला, त्याचं तेल तेवढं दगडात राहिलं, दगड ओला केला, रोलरला शाई लावली. पहिल्या फेरीला हातांची बाह्यरेषा उमटली आणि कुणीतरी आहा म्हणालं. दुसऱ्या फेरीला तिला दगडाचा तो वास आला, नऊ वेळा आलेला, थंड आणि जरा खवट. बोटांच्या फटीत काळं धरू लागलं. तिनं स्पंज फिरवला, पाणी त्या जागेवरून असं बाजूला झालं की जणू ती जागा त्याची नव्हतीच. तिसऱ्या फेरीला हात गेले. तरी तिनं कागद घातला, प्रेसची दांडी फिरवली, कागद उचलला आणि सगळ्यांसमोर धरला. काळा चौकोन.

हर्षिता पुढं होऊन म्हणाली की हवा दमट आहे, प्रेसही नवीन आहे, आणि पाहुण्यांना चहाची वेळ झालीच आहे. इतकी छान पळवाट तिनं उघडून दिली होती. दीपमालानं त्या वाटेकडं पाहिलंही. आणि मग तिला फार थकल्यासारखं वाटलं, इतकं की पळवाटेनं चालायचंही त्राण नव्हतं. तिनं कागद खाली ठेवला, हात फडक्याला पुसले, माइक घेतला आणि कन्नड सोडून आपल्या बोलीत बोलू लागली. ती म्हणाली की हवेचा काही दोष नाही. अकरा वर्षांत नऊ वेळा असंच झालंय, हे दहावं. एकदाच उतरलं होतं, आणि ते कसं उतरलं ते मला माहीत नाही. ज्यांना ज्यांना मी सराव करा म्हणून लिहिलं त्यांची माफी मागते. एवढं बोलून ती थांबली. ओठावर पुढचं वाक्यही आलं होतं, ते छाप माझे नसावेत, पण सरांच्या देखत ते कसं बोलायचं? त्यांनी झाकलेलं त्यांच्यासमोर उघडं करायचं म्हणजे त्यांनाच उघडं पाडणं. ते तिनं गिळलं. तरीही, गंमत बघा, छाती हलकी झाली होती. जमिनीनं गिळलं नव्हतं, कुणी शी म्हटलं नव्हतं. बडोद्याच्या एका बाईनं तर मान डोलावली, आपल्याही घरी अशाच दहा फरश्या असल्यासारखी.

तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला. बसवंतप्पा. त्याला बोलायचं होतं आणि बोलावं की नाही हे कळत नव्हतं. हर्षितानं बोला म्हटल्यावर तो टोपी काढून म्हणाला, “अक्का, त्याला तेल मारल्यालं हाय की. दुकानवाले मारतेत, चकचक दिसावं म्हणून. उन्हात मुरतंय ते आत, वरवर घासून जाईत न्हाई.” त्यानं आणखीही सांगितलं, की चकचकीत बघून घेणाऱ्याला तेलकटच मिळणार, खाणीवरची घ्या, रखरखीत, तिला अजून माणसाचा हात लागलेला नसतो. सभागृह असं फुटलं, असं हसलं की सरांची काठी मांडीवरून खाली पडली. दीपमालाही हसली. तेल आणि पाण्याच्या वैरावर पोट भरणारी माणसं, आणि दगडाच्या अंगाला तेल आहे का हे एकानंही कधी विचारलं नव्हतं. बोट फिरवून चाटलं असतं तरी कळलं असतं. बडोद्याची बाई कपाळाला हात लावून बसली होती. पोरांनी बसवंतप्पाला घेरलं, खाण कुठली, कुणाला भेटायचं, आणि तो कधी नव्हे ते खुर्चीवर बसून सांगू लागला.

हसता हसताच तिच्या ध्यानात आलं की याचा अर्थ मंठाळची फरशी बिनतेलाची होती. पावसात धुतलेली. मग तिच्यावर उतरू शकत होतं, कदाचित. कदाचितच, कारण तो ताजा डिंक कुठं जात होता? मन मोठं विचित्र, दार उघडलं तरी कडीला हात लावून उभं राहतं. हर्षिता येऊन म्हणाली की सर प्रेसच्या मागच्या खोलीत बसलेत, तुम्हाला बोलावलंय. ती गेली. सरांनी पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवला होता. त्यांनी हर्षिताला चहा आणायला धाडलं, दार लोटून घ्यायला सांगितलं, आणि बराच वेळ काठीची मूठ चोळत राहिले. सुटलं आता, ती मनाशी म्हणाली, आता ते सांगणार. त्यांनी सांगावं आणि आपण पाय धरावेत, म्हणजे एकदाचं संपेल. पाय धरायची तिची तयारी झालीसुद्धा.

“दीपमाला, मी अठ्ठ्याहत्तरचा झालो,” सर म्हणाले. “आता तरी खरं सांग. ते छाप माझ्या जर्मन दगडावरून काढले होतेस ना?”

तिला आधी शब्दच कळले नाहीत. मराठीच होतं, पण दुसऱ्या कुणासाठी बोललेलं. ती त्यांच्याकडं बघत राहिली, आणि ते तिच्या बघण्याचा भलताच अर्थ लावून घाईनं म्हणाले की रागावलो नाही, तेव्हाही नव्हतो, सुट्टीनंतर आलो तर माझा दगड ओला, ताजा घासलेला, फरशी कोरी आणि दोरीला असे छाप, मग मी काय समजायचं. फरशीवर तसली सावली येत नसते. ती अंगठ्याखालची सावली त्यांना स्वतःला उभ्या जन्मात जमली नव्हती, हेही ते त्याच दमात बोलून गेले. कुणाला कळलं तर पोरीची अब्रू जाईल, म्हणून दगडाबद्दल बोलू नकोस म्हटलं. मालतीला सांगितलं होतं, पोर चुकली, पण गुणी आहे, आपण मनात ठेवायचं नाही.

“सर, दगड घासायला दगडच लागतो की,” ती म्हणाली. “तुम्हीच शिकवलात. फरशी कशावर घासणार मी? तुमच्या दगडावरच घासली.” मग तिचा आवाज चढला, तो तिला आवरला नाही. “अन् मी समजायलते की तुम्हीच माझ्या मागं त्याच्यावर हात फिरवलाय. डिंक ताजा होता.”

“मुंग्या लागल्या होत्या डिंकाला,” सर म्हणाले. “म्हणून बदलला. चित्राला मी कशाला हात लावू?”

तिला पहिल्यांदा आला तो राग. या माणसानं मला अकरा वर्षं खोटारडी समजावं, आणि वर डोक्यावर हात ठेवावा? दसऱ्याला सोनं घेताना काय मनात आणत असतील? आणि मग राग पुरता तापायच्या आतच तिला स्वतःचं आठवलं, की आपण तरी यांना काय समजलो होतो. चोरून दुसऱ्याच्या चित्रात खडू घालणारा. त्यांच्या चेहऱ्यावरही तेच काहीसं चाललं असावं, कारण भुवया आधी जवळ आल्या आणि मग जागच्या जागी सुटल्या. त्यांनी केलं नव्हतं. तिनं केलं नव्हतं. उरली होती फक्त मंठाळची फरशी, आणि तिच्यावर खडूनं टेकवलेला तिचा एकटीचा हात. पहिले एकदोन छाप कुठल्याही दगडावर फिकेच येतात, दगडाला शाई धरायला वेळ लागतो, एवढंच ते होतं. सावली तिची होती. काढताना आठवण राहिली नाही इतकी तिची होती. तिचे खांदे इतके खाली आले की गेली अकरा वर्षं ते वर धरले होते हे तिला आत्ता समजलं, आणि पोटात भूक लागली, साधी, सकाळपासून न खाल्लेल्या माणसाची भूक. ती खाली जमिनीवरच बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती चक्क हसत होती.

“अकरा वर्षं मी तुला माफ करत आलो,” सर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

“अन् मी तुमचे उपकार मानत आले.”

“मग आता त्या माफीचं काय करायचं?”

“घेऊन जावा परत,” ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. “अन् माझे उपकारबी मी परत घेते.”

सरांनी मान हलवली. “उपकार राहू देत,” ते म्हणाले. “मुंग्या मी एकेक करून उचलल्या होत्या, तुझ्या चित्राला धक्का लागू नये म्हणून.”